ट्यूब ॲम्पसाठी ॲटेन्युएटर घ्यायचाय? आधी किती डीबी उतरवायचेत ते सांग

तुझा प्रश्न थोडक्यात असा: ५० वॅटचा नॉन-मास्टर हेड आहे (मास्टर व्हॉल्यूम नसलेला, स्पीकर वेगळा असलेला ॲम्प), मार्शल प्लेक्सीच्या घराण्यातला, मागे ४-८-१६ ओहमचा सिलेक्टर, खाली १६ ओहमची २×१२ कॅब, म्हणजे १२ इंची दोन स्पीकरची पेटी. व्हॉल्यूम ६-७ वर नेल्याशिवाय तो आवाज येत नाही आणि तिथे नेलं की घरात कोणी थांबत नाही. महिन्यातनं एखादा छोटा गिग पण असतो. कोणता ॲटेन्युएटर (ॲम्प जोरात ठेवून स्पीकरचा आवाज उतरवणारा डबा) घेऊ, टोन मरतो म्हणतात ते खरं का, ॲम्प जळतो का, आणि ओळखीतला एकजण जुना ८ ओहमचा टीएचडी हॉट प्लेट देतोय तो घेऊ का.

ट्यूब ॲम्प दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे ॲटेन्युएटरने खूश झालेले पण येतात माझ्याकडे आणि ॲटेन्युएटरच्या नादात ॲम्प आजारी पाडलेले पण. जवळजवळ सगळेजण सुरुवात ब्रँडपासून करतात. ते राहू दे बाजूला, आधी एक आकडा काढू.

गिटारचे १२ इंची स्पीकर फार कार्यक्षम असतात. साधारण ९७ ते १०० डीबी (डेसिबल), तेही फक्त १ वॅट दिल्यावर, एक मीटरवर. सेलेशन व्हिंटेज ३० चा कंपनीचा आकडाच १०० आहे, ग्रीनबॅक ९८ च्या आसपास. म्हणजे एका वॅटलाच ९८ धर. ५० वॅट म्हणजे त्याच्यावर अजून १७ डीबी, झाले ११५, आणि हे क्लीन रेटिंगचं गणित आहे, ॲम्प पूर्ण फाटायला, म्हणजे डिस्टॉर्ट व्हायला लागला की अजून थोडं वर जातं. आता घरात, दार लावून, दुसऱ्या खोलीतला माणूस चिडणार नाही अशा बेताने वाजवायचं तर ८० च्या आसपास यायला लागतं. ११५ वजा ८० म्हणजे ३५ डीबी. हा तुझा घरचा आकडा. वॅटमध्ये बघितलं तर ३५ डीबी उतरवल्यावर ५० वॅटमधले स्पीकरपर्यंत पोचतात साधारण ०.०१६ वॅट. बाकी सगळं डब्यात जळतं.

छोट्या गिगचा आकडा एकदम वेगळा. तिथे ड्रमर असतो, त्याला काही व्हॉल्यूम नॉब नसतो, त्याच्या बरोबरीने राहायचं तर ४ ते ८ डीबी उतरवले की पुरे. ४ डीबी उतरवले की ५० चे २० वॅट, ८ उतरवले की ८ वॅट. कानाला मात्र ८ वॅट हे ५० च्या जवळपास निम्मे लागतात, सहापट कमी नाही, कारण कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डीबी लागतात. याच कारणाने ‘५ वॅटचा छोटा ॲम्प घे, घरी चालेल’ हा सल्ला फसतो, ५ वॅट म्हणजे ५० पेक्षा फक्त १० डीबी खाली, शेजारी तरी येणारच.

तर तुझी गरज एक नाही, दोन आहेत, ६ डीबी आणि ३५ डीबी, आणि या दोन गरजांना लागणारी यंत्रं वेगळी आहेत. एकच साधा ॲटेन्युएटर दोन्हीकडे सारखाच छान वाजेल असं जो सांगेल त्याला आधी विचार, किती डीबीवर ऐकलंस बाबा.

आता टोन मरतो का. मरतो, पण तीन वेगवेगळ्या कारणांनी, आणि त्यातलं डब्याचं कारण एकच.

ॲटेन्युएटर बसतो आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरच्या मध्ये. ॲम्पला वाटतं समोर स्पीकर आहे, तो पूर्ण जोर लावतो, पॉवर ट्यूब्स आणि ट्रान्सफॉर्मर आपलं काम करतात, आणि त्यानंतर बरीचशी पॉवर उष्णता होऊन जाते. (इफेक्ट्स लूपमध्ये लावायचे नॉबवाले छोटे डबे मिळतात ते हे नव्हेत. ते पॉवर ट्यूबच्या आधीच सिग्नल कमी करतात, म्हणजे बाहेरून लावलेला मास्टर व्हॉल्यूम. शिवाय तुझ्या हेडला लूप असायची शक्यताही कमीच.)

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे नुसत्या रेझिस्टरचा, एल-पॅड. ८ ओहमसाठी ६ डीबी उतरवायचे तर ४ ओहम सिरीजमध्ये आणि ८ ओहम स्पीकरला पॅरलल, ॲम्पला मोजून ८ ओहमच दिसतात, स्पीकरला व्होल्टेज निम्मं. हिशोब सुंदर बसतो. गोम अशी की स्पीकर हा कधीच ८ ओहमचा नसतो. ८ हा फक्त त्याच्यावर छापलेला आकडा. मीटर लावला तर डीसी रेझिस्टन्स साडेसहाच्या आसपास मिळतो, ८०-१०० हर्ट्झच्या पट्ट्यात कोनचा रेझोनन्स असतो तिथे इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध, तोही ओहममध्येच) कित्येक पट वर उडी मारतो, मग ४०० च्या जवळ खाली येतो, आणि त्याच्यावर व्हॉइस कॉइलच्या इंडक्टन्समुळे पुन्हा चढतच जातो. ट्यूब ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स जास्त असतो म्हणून त्याचं व्होल्टेज या चढउताराच्या मागे मागे जातं, जिथे इम्पिडन्स जास्त तिथे आवाज जास्त. खालचा तो छातीवर बसणारा ठोका आणि वरची धार, हे दोन्ही बरंचसं इथून येतं, टोन नॉबमधून नाही. समोर सपाट रेझिस्टर ठेवला की हे दोन्ही डोंगर कापले जातात आणि मधलाच पट्टा पुढे येतो, लोक म्हणतात ब्लँकेट टाकल्यासारखं झालं.

किती फरक पडेल हे ॲम्पवर पण आहे. ज्यात निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा सिग्नल मागे देऊन ॲम्पला आवरणं) जास्त, जसे ब्लॅकफेस फेंडर, ते लोडच्या, म्हणजे समोर जोडलेल्या स्पीकर किंवा डब्याच्या, बदलाला कमी दाद देतात. व्हॉक्स एसी३० मध्ये तसला फीडबॅकच नाही, त्याला नुसत्या रेझिस्टरवर टाकलं की लगेच कळतं. तुझा प्लेक्सी-छाप मधे कुठेतरी.

यावर उपाय म्हणून रिॲक्टिव्ह लोड आले. आत कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर जोडून स्पीकरच्या त्या वक्राची नक्कल केलेली असते, रेझोनन्सचा उंचवटा आणि वरचा चढ दोन्ही. वेबरचा मास हा त्यातला गमतीदार प्रकार, आत खरोखरच स्पीकरची मोटर आहे, फक्त कोन नाही, त्यामुळे आवाज न करता ती हलते. माझं मत विचारशील तर १० डीबीच्या पुढे जायचं असेल तर रिॲक्टिव्हच घे, १० डीबीच्या आत साधा चांगला रेझिस्टिव्ह डबा पण चालतो आणि तुला ब्लाइंड टेस्ट दिली तर बँड सुरू असताना ओळखू येईल असं मला वाटत नाही. ६ डीबीसाठी लोक जो रिॲक्टिव्हचा आग्रह धरतात त्यात बराचसा भाग वाचलेल्याचा असतो, ऐकलेल्याचा नसतो.

दुसरं कारण तुझे कान. १९३३ साली बेल लॅब्समध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की आवाज कमी झाला की माणसाला खालचे आणि अगदी वरचे सूर मधल्यापेक्षा जास्त वेगाने कमी ऐकू येतात. म्हणजे डबा शंभर टक्के निर्दोष असता तरी ८० डीबीवर तोच ॲम्प ११५ पेक्षा पातळच वाटणार. तिसरं कारण स्पीकर, तो स्वतः जोरात असताना थोडा फाटतो, कोन मोडतो, दबतो, आणि ०.०१६ वॅटवर तो नुसता झोपलेला असतो. आणि गिटारच्या तारा हवेच्या धक्क्याने थरथरतात, नोट लांबते, तो फीडबॅकचा खेळ तर संपतोच. या दोन्हीतलं काहीही कुठलाही पॅसिव्ह (स्वतःचा पॉवर ॲम्प नसलेला) डबा परत देऊ शकत नाही, कितीही महाग असला तरी.

म्हणून ३५ डीबीच्या कामाला पॅसिव्ह ॲटेन्युएटर हे उत्तर नाहीच म्हणेन मी. तिथे दोन रस्ते आहेत. एक, री-ॲम्पिंग: ॲम्प पूर्णपणे रिॲक्टिव्ह लोडवर सोडायचा, लोडवरून लाइन लेव्हलचा सिग्नल काढायचा आणि डब्यातल्याच दुसऱ्या पॉवर ॲम्पने हवा तेवढा मोठा करून स्पीकरला द्यायचा. फ्रायेटचं पॉवर स्टेशन आणि बॉसचा वाझा ट्यूब ॲम्प एक्सपांडर या जातीचे. यात व्हॉल्यूम पायऱ्यांनी नाही तर नॉबने फिरतो, अगदी कुजबुजीपर्यंत येतो, शिवाय खालचे-वरचे सूर थोडे उचलून कानाची ती खोड भरून काढता येते. आणि अजून एक सोय जी नॉन-मास्टर ॲम्पवाल्याला सोन्यासारखी: डिले आणि रिव्हर्ब पॉवर ट्यूबच्या डिस्टॉर्शननंतर लावता येतात. एरवी फाटलेल्या प्लेक्सीच्या पुढे डिले लावला की रिपीट्सचा चिखल होतो तो इथे होत नाही. दोन, स्पीकरच बंद: लोड बॉक्स, पुढे कॅब सिम्युलेशन म्हणजे आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, खऱ्या कॅबवरून घेतलेली तिच्या आवाजाची डिजिटल नक्कल), आणि हेडफोन. टू नोट्सचा कॅप्टर एक्स, युनिव्हर्सल ऑडिओचा ऑक्स हे तिकडचे. रात्री वाजवणार असशील तर मी तरी हाच रस्ता धरेन, कारण हेडफोनवर मोठ्या खोलीत वाजणाऱ्या कॅबचा आवाज मिळतो, कुजबुजणाऱ्या कॅबचा नाही. साधा कॅप्टर घेताना एक लक्षात ठेव, त्याचं ॲटेन्युएशन २० डीबीला फिक्स आहे, मधल्या पायऱ्या नाहीत, म्हणजे तुझे ५० वॅट अर्ध्या वॅटवर येतात, जे गिगला कमी आणि घराला जास्त. आणि तो ४, ८, १६ अशा वेगवेगळ्या मॉडेलमध्ये येतो, आपला कुठला ते बघून घ्यायचा.

इतिहासात रस असेल तर, हा सगळा खटाटोप लोकप्रिय करणाऱ्यांत बोस्टन बँडचा टॉम शोल्झ आहे, मुळात एमआयटीचा मेकॅनिकल इंजिनियर, १९८० च्या आसपास त्याने पॉवर सोक काढला. लोक अजूनही कुठल्याही ॲटेन्युएटरला सोक म्हणतात ते त्यावरून.

आता ॲम्प जळतो का. डब्यामुळे सहसा नाही, डबा लावताना केलेल्या गोष्टींमुळे हो.

ट्यूब ॲम्पला समोर लोड नसणं हे सगळ्यात वाईट. समोर काहीच नसताना जोरात वाजवलं की ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला व्होल्टेजचे प्रचंड झटके येतात आणि ते कुठूनतरी रस्ता शोधतात. ईएल३४ या पॉवर ट्यूबचा सॉकेट खोलून बघितला तर पिन ३ प्लेटची आणि शेजारची २ हीटरची, या दोघींच्या मध्ये बेकेलाइटवर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसते. तो कार्बन. एकदा ती रेघ पडली की नंतर नॉर्मल व्होल्टेजला पण तिथूनच ठिणगी पडते, सॉकेट बदलल्याशिवाय पर्याय नाही, आणि हे स्वस्तात सुटलेले म्हणायचे, कारण कधी कधी ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशनच आतून जातं.

आणि लोड गायब होतो कशामुळे, तर बहुतेक वेळा केबलमुळे. ॲम्प ते डबा आणि डबा ते कॅब, दोन्हीकडे स्पीकर केबलच हवी. गिटारची शील्डेड केबल दिसायला तशीच असते, जॅकमध्ये बसते पण, पण आतली तार बारीक, करंटने गरम होते, इन्सुलेशन मऊ पडतं आणि मग एकतर शॉर्ट नाहीतर ओपन. मी स्पीकर केबलला रंगीत टेप गुंडाळून ठेवतो, अंधाऱ्या स्टेजवर हात चुकू नये म्हणून. या दोन केबलमध्ये जास्त महत्त्वाची कुठली, तर ॲम्प ते डबा. मघाचा एल-पॅड आठव, २० डीबीला सिरीजमध्ये ७.२ ओहम आणि पॅरललमध्ये ०.८९. तिथे कॅबची केबल निसटली तरी ॲम्पला ८.०९ ओहम दिसतात, त्याला कळतसुद्धा नाही. ६ डीबीवर निसटली तर १२ दिसतात, तेही निभतं. पण डबा बायपासला (सिग्नल थेट कॅबला) असताना निसटली की ॲम्प उघडा पडला.

फेंडरसारखा कॉम्बो असणाऱ्यांसाठी एक चूक वारंवार दिसते म्हणून इथेच लिहितो, तुला लागू नाही. आतल्या स्पीकरची वायर मेन जॅकमधून काढून तिथे ॲटेन्युएटर लावायचा असतो, लोक ती तशीच ठेवून डबा शेजारच्या एक्स्टेन्शन जॅकमध्ये लावतात. तो जॅक पॅरलल असतो, म्हणजे आतला स्पीकर पूर्ण आवाजात वाजत राहतो, वर ॲम्पला इम्पिडन्स निम्मा दिसतो, आणि मग तक्रार येते की ॲटेन्युएटर काम करत नाही.

वॅटेजचं. ५० वॅटच्या ॲम्पला ५० वॅटचा डबा घेऊ नको. ५० हे क्लीन साइन वेव्हचं रेटिंग, पूर्ण ओव्हरड्राइव्हला वेव्ह चौकोनी होते आणि तोच ॲम्प ७०-८० वॅट किंवा जास्तही फेकू शकतो, आणि तू तर ॲटेन्युएटर त्याच कामासाठी घेतोयस. दुप्पट रेटिंगचा घे, म्हणजे १०० वॅट. उष्णतेचा हिशोब पण करून बघ, ६ डीबीला तीन चतुर्थांश पॉवर डब्यात, १० ला नव्वद टक्के, २० ला नव्याण्णव. डबा हाताला चांगला गरम लागला तर घाबरू नको, पण हेडच्या वर पालथा ठेवून वरून कापड पण टाकू नको, हवा खेळू दे.

ट्यूबचं आयुष्य कमी होतं हे खरं आहे पण दोष डब्याचा नाही. व्हॉल्यूम ८ वर ठेवून तू रोज दोन तास वाजवलंस तर पॉवर ट्यूब्स रोज दोन तास गिगच करतायत. ॲटेन्युएटर फक्त ते तुझ्या कानाला कळू देत नाही. त्यामुळे घेतल्यावर बायस (सिग्नल नसताना ट्यूबमधून किती करंट वाहतो ती सेटिंग) एकदा तपासून घे, फार गरम बायस केलेला ॲम्प असा रोज ताणला तर प्लेट्स लाल होतात. खोलीत अंधार करून मागून बघ, फिलामेंटची नारिंगी चमक वेगळी, निळसर झाक पण चालते, पण करड्या प्लेटवर लाल डाग दिसायला लागला तर तिथेच बंद कर.

डब्याशिवायचे उपाय एकेका ओळीत: फेज इन्व्हर्टरनंतरचा (पॉवर ट्यूबच्या लगेच आधीचा) मास्टर व्हॉल्यूम बसवता येतो, छान असतो, पण पॉवर ट्यूब फाटत नाहीत. पॉवर स्केलिंग किंवा व्हीव्हीआर (ट्यूबचं व्होल्टेज खाली आणणारं सर्किट) चांगलं, फक्त ॲम्पच्या आत कापाकापी. हाफ पॉवर स्विचने ३ डीबीच उतरतात, म्हणजे जवळजवळ काही नाही. आणि ३-४ डीबी कमी सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर हा कोणी विचारत नाही असा उपाय आहे, नुसत्या गिगचाच प्रश्न असता तर मी तुला आधी तोच सुचवला असता. व्हेरिॲकच्या (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) कथा वाचून मेन्सचं व्होल्टेज खेळवायला जाऊ नको, हीटरचं व्होल्टेज पण त्याबरोबर पडतं.

आता तो हॉट प्लेट. चीज चांगली आहे, पायऱ्या ४, ८, १२, १६ डीबी आणि त्याच्याखाली एक व्हेरिएबल, ब्राइट आणि डीपचे स्विच आहेत जे हरवलेल्या वर-खालच्या सुरांची थोडी भरपाई करतात. गिगचं तुझं काम तो आरामात करेल. घरचं नाही, कारण १६ च्या पायरीवर पण तुझे सव्वा वॅट उरतात, म्हणजे अजून ९८-९९ डीबी, आणि त्याखालच्या व्हेरिएबलमध्ये आवाज बसका होतो.

पण खरी अडचण ८ ओहमची आहे. हॉट प्लेट प्रत्येक इम्पिडन्सला वेगळा येतो, आत स्विच नाही. ॲम्पचा सिलेक्टर तू ८ वर ठेवू शकतोस, त्या बाजूने जमलं. कॅब १६ ची आहे. खोल पायऱ्यांवर ॲम्पला याचा फारसा पत्ता लागत नाही, पण तू गिगला वापरणार ४ डीबीवर, आणि तिथे लोड ८ ओहमपासून बराच वर सरकतो, बायपासला तर सरळ दुप्पट. तेवढ्याने ॲम्प लगेच मरत नाही, पण पूर्ण ताणलेल्या ईएल३४ ना वर सरकलेला लोड आवडत नाही, ट्यूबच्या आतल्या स्क्रीन ग्रिडवर ताण येतो, मी माझ्या ॲम्पला असं करणार नाही. कॅबची वायरिंग बदलून ८ करू म्हणशील तर ते पण होत नाही, १६ ओहमची २×१२ म्हणजे आत ८-८ चे दोन स्पीकर सिरीजमध्ये असणार, पॅरलल केले की ४ होतात, ८ मध्ये थांबता येत नाही. मागचं झाकण उघडून स्पीकरवरचा आकडा बघून घे एकदा, खात्रीसाठी.

तर ८ चा हॉट प्लेट सोड. पैसे एकाच डब्याचे असतील तर री-ॲम्पिंगवाला घे, तो घर आणि गिग दोन्ही उचलतो, वजन आणि किंमत जास्त हाच काय तो तोटा. ते झेपत नसेल तर गिगसाठी १६ ओहमचा किंवा स्विचवाला १०० वॅटचा रिॲक्टिव्ह डबा, ज्याला स्पीकर बंद करून फक्त लोड म्हणून चालवता येतं आणि लाइन आउट आहे असा. घरी त्याच लाइन आउटमधून ऑडिओ इंटरफेसला जा आणि आयआर लाव. घ्यायच्या आधी स्वतःचा हेड आणि कॅब घेऊन जा, तुझ्या गिगच्या व्हॉल्यूमवर ५ मिनिटं आणि घरच्या व्हॉल्यूमवर ५ मिनिटं वाजव, आणि पायरी बदलण्याआधी डब्याच्या मॅन्युअलमध्ये स्टँडबाय करायला सांगितलंय का तेवढं बघ.